गणिताच्या भावी शिक्षकाला वरचे गणित हवे, पण शाळेच्या फळ्याशी जोडलेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या बीजगणितात पहिल्याच प्रकरणात निश्चयकाची, म्हणजे क्रेमरची पद्धत येते. मुख्य निश्चयक (चार सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी) काढायचा, उजवीकडच्या संख्या घालून क्ष आणि य यांचे निश्चयक काढायचे, भागायचे, उत्तर लिहायचे. मुले ती पटकन उचलतात. मग एखादी मुलगी स्वतःच्या मनाने समीकरणे घेते, २क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = १०, आणि मुख्य निश्चयक शून्य येतो. "सर, आता शून्यानं भागायचं?" या प्रश्नाला वर्गात हमखास मिळणारे उत्तर म्हणजे "शून्य आला की उकल नाही." या उदाहरणापुरते ते बरोबर आहे, नियम म्हणून मात्र चूक आहे. दुसऱ्या समीकरणातल्या १० च्या जागी १२ लिहा. मुख्य निश्चयक तसाच शून्य राहतो, पण आता उकली अनंत आहेत.

फरक कुठे पडला हे सांगायला अवघड काही लागत नाही. क्रेमरचा नियम भागाकाराच्या रूपात येण्याआधी 'मुख्य निश्चयक गुणिले क्ष बरोबर क्षचा निश्चयक' असा असतो. पहिल्या जोडीत क्षचा निश्चयक ६ × ६ − ३ × १० = ६ येतो, म्हणजे ० × क्ष = ६. अशी संख्याच नाही. दुसऱ्या जोडीत तो ६ × ६ − ३ × १२ = ० येतो, म्हणजे ० × क्ष = ०. ही अट कोणतीही संख्या पाळते, म्हणून ती क्षबद्दल काहीच सांगत नाही आणि मूळ समीकरणांकडे परत जावे लागते. शून्याने भागता का येत नाही, याची खालच्या वर्गांत सांगायची दोन कारणेही हीच आहेत: ६ भागिले ० ला उत्तर नाही, आणि ० भागिले ० ला हवे ते उत्तर चालते.

ज्याला 'रँक' (सारणीत एकमेकींच्या बेरजा-पटींतून न मिळणाऱ्या ओळी किती) ही कल्पना खरोखर कळली आहे त्याला याच्या पुढचेही दिसते. सहगुणकांच्या सारणीची रँक १ आहे. उजवीकडचा स्तंभ जोडल्यावर ती २ झाली तर उकल नाही, १ च राहिली तर अनंत उकली. आणि त्या अनंत उकली वाटेल तशा विखुरलेल्या नाहीत. (३, ०) ही एक उकल घ्या आणि तिच्यात (३, −२) ची कोणतीही पट मिळवा: (६, −२), (०, २), (९, −४) अशा सगळ्या उकली मिळतात. हे डोळ्यांसमोर असलेला शिक्षक वर्गाला लगेच विचारू शकतो, "नेमक्या दोनच उकली असलेली दोन रेषीय समीकरणे कोण देईल?" मुले दहा मिनिटे झटतील आणि शेवटी कोणीतरी म्हणेल की दोन उकली मिळाल्या की त्यांना जोडणाऱ्या रेषेवरचे सगळे बिंदू उकलीच होतात, मग दोनवर थांबायचे कसे? असा प्रश्न आयत्या वेळी सुचण्यासाठीच शिक्षकाला वरचे गणित हवे असते.

आमच्या पत्राचे म्हणणे एवढेच आहे. "शून्य आला की उकल नाही" म्हणणारा शिक्षकही बी.एस्सी.ला लिनिअर अल्जेब्रा उत्तीर्ण झालेला असतो. रँकवरून उकली किती मोकळ्या आहेत हे सांगणारे रँक-नलिटीचे प्रमेय त्याने परीक्षेत लिहिलेले असते, बहुधा पूर्ण गुणांचे. पण ते प्रमेय आणि दहावीचे पहिले प्रकरण ही एकच गोष्ट आहे, हे त्याला कोणत्याच टप्प्यावर कोणी दाखवलेले नसते. पदवीचे गणित पुढे एम.एस्सी.ला जाणारा विद्यार्थी समोर ठेवून रचलेले असते, त्यामुळे तिथे शाळेचा विषय निघत नाही. बी.एड.ला पाठ टाचण, उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, मूल्यमापन हे सगळे होते, पण विषय येतो म्हणूनच तुम्ही इथे आला आहात असे तिथे गृहीत धरलेले असते. २०१५ पासून बी.एड. एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले. वाढलेल्या वेळात सरावपाठ आणि शाळेतला अनुभव वाढला, ते हवेच होते. विषयाचा सांधा मात्र तसाच उघडा राहिला.

हे दुखणे जुने आहे. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नेमके ओळखले होते. विद्यापीठात आल्यावर विद्यार्थी शाळेचे गणित मागे टाकतो, शिक्षक होऊन शाळेत परतला की विद्यापीठाचे गणित मागे टाकतो, आणि आपण स्वतः जसे शिकलो तसेच शिकवू लागतो. क्लाइन यांनी त्यासाठी भावी शिक्षकांना वेगळी व्याख्याने दिली आणि १९०८ पासून ती छापून आली. आपल्याकडे पात्रता परीक्षांनीही ही फट बुजत नाही. टीईटी पहिली ते आठवीपुरती आहे. तिच्या दुसऱ्या पेपरात १५० पैकी ६० गुण गणित आणि विज्ञान मिळून असतात आणि प्रश्न बहुपर्यायी असतात. उत्तर येते का, एवढेच त्यातून तपासले जाते. मुलाचे चुकलेले उत्तर वाचून नेमकी कोणती पायरी घसरली हे ओळखता येते का, ते अशा प्रश्नांतून तपासताच येत नाही.

"आठवीला शिकवायला रिंग थिअरी कशाला?" असे पालक विचारतात, संस्थाचालक विचारतात, कधी कधी बी.एस्सी.चे विद्यार्थीही विचारतात. रिंग थिअरी म्हणजे बेरीज आणि गुणाकार यांच्या नियमांचे अमूर्त बीजगणित. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उदाहरणानेच उत्तर दिले पाहिजे.

ऋण गुणिले ऋण धन का? कर्जाची आणि उलट्या चालीची गोष्ट सांगून मुले तात्पुरती गप्प बसतात. खरे कारण तीन ओळींचे आहे. १ + (−१) = ०. दोन्ही बाजूंना −१ ने गुणा: (−१) × १ + (−१) × (−१) = ०. पहिले पद −१ आहे, म्हणून दुसरे १ च असले पाहिजे. इथे फक्त वितरण गुणधर्म आणि बेरीज व्यस्त वापरला. रिंगच्या प्रकरणात अगदी सुरुवातीला हीच सिद्धता अक्षरे घालून येते, आणि ती आठवीच्या मुलाला जशीच्या तशी सांगता येते हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

किंवा वर्गसमीकरण घ्या. (क्ष − २)(क्ष − ३) = ० म्हणून क्ष = २ किंवा क्ष = ३. यातला 'म्हणून' कुठून आला? दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली एक तरी शून्य असते, या गुणधर्मातून. तो गृहीत धरण्याजोगा नाही हे कळायला तो नसलेली जागा एकदा बघावी लागते. ६ ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या गणितात २ × ३ = ०. तिथे क्ष² − ५क्ष + ६ = ० या समीकरणाला ०, २, ३ आणि ५ अशी चार मुळे आहेत, पडताळून पाहा. हे ज्याने स्वतः सोडवले आहे त्याला मुलाची एक नेहमीची चूक लगेच कळते. (क्ष − २)(क्ष − ३) = ६ वरून मूल 'क्ष − २ = ६ किंवा क्ष − ३ = ६' असे लिहिते. नुसते "असे चालत नाही" म्हणण्यापेक्षा शून्याचे असे काय वेगळे आहे जे ६ चे नाही, हे विचारणारा शिक्षक ती चूक मुळातून काढतो. (खरी मुळे ० आणि ५.) क्ष² = ५क्ष मध्ये दोन्हीकडे क्षने भागून ० हे मूळ हरवणे, किंवा √(क्ष + ६) = क्ष चे दोन्ही बाजूंचे वर्ग करून ३ बरोबर −२ हे खोटे मूळ पदरात पडणे, या चुकाही याच घराण्यातल्या. कोणती क्रिया उलट फिरवता येते आणि कोणती नाही, हा त्यांतला प्रश्न आहे. पदवीला 'एकास एक फलन' शिकताना याची चर्चा एकदा झाली तर ती आयुष्यभर पुरेल.

भूमितीत याहून सुंदर उदाहरण आहे आणि ते थोडे सविस्तर सांगायला हवे. एकरूपतेच्या कसोट्या बाबाबा, बाकोबा, कोबाको, कर्णभुजा. दर वर्षी कोणीतरी विचारते, 'बाबाको' का नाही? उत्तर म्हणून फळ्यावर एक तिरपी आकृती निघते आणि विषय संपतो. त्याऐवजी मोजमाप द्या. कोन ३०°, त्याला लागून असलेली एक बाजू ८ सेमी, आणि कोनासमोरची बाजू ५ सेमी. कंपासने काढायला सांगा: ८ सेमीच्या दुसऱ्या टोकावरून ५ सेमीचा कंस मारला की तो कोनाच्या दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो. दोन वेगळे त्रिकोण. समोरची बाजू ४ सेमी केली की कंस भुजेला फक्त टेकतो, एकच त्रिकोण, तोही काटकोन. ३ सेमी केली की कंस पोचतच नाही.

आता शिक्षकाने कागदावर काय पाहिलेले असावे? तिसरी बाजू ग मानली तर कोसाइनच्या नियमाने ग² − ८√३ ग + (६४ − समोरच्या बाजूचा वर्ग) = ०. समोरची बाजू ५ असताना या वर्गसमीकरणाचा विवेचक (ब² − ४अक) १९२ − १५६ = ३६, दोन धन मुळे, दोन त्रिकोण. ४ असताना विवेचक १९२ − १९२ = ०, एक मूळ, एक त्रिकोण. ३ असताना विवेचक −२८, त्रिकोण नाही. बाजू ८ पेक्षा मोठी, समजा ९ घेतली तर स्थिरपद ऋण होते, एक मूळ धन आणि एक ऋण, म्हणून पुन्हा एकच त्रिकोण, आणि कर्णभुजा कसोटी याच प्रकारातली. दहावीच्या गणित भाग १ मधला विवेचक आणि नववीच्या आधीपासूनच्या भूमितीतली कसोटी अशा एका ओळीत येतात. कोसाइनचा नियम दहावीनंतरचा आहे, तो दहावीच्या फळ्यावर लिहू नये. पण ५, ४, ३ आणि ९ याच संख्या निवडाव्यात हे ज्याला तो येतो त्यालाच सुचेल. मनाला येतील त्या संख्या घेतल्या तर चारही प्रकार समोर येत नाहीत आणि मुले अर्धवट निष्कर्ष घेऊन घरी जातात.

भूमितीतच आणखी दोन जागा शिक्षक घसरण्याच्या आहेत. पायथागोरसचे प्रमेय साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर एक या सूत्रावरून 'सिद्ध' करणे हा चक्रदोष आहे, कारण ते सूत्र मुळात याच प्रमेयातून येते. दुसरी जागा कोनाच्या त्रिभाजनाची. कोनदुभाजक शिकवला की हुशार मूल तीन समान भाग कसे करायचे ते विचारणारच. ९०° चे होतात, कारण ३०° काढता येतो. ६०° चे नुसत्या पट्टी-कंपासने होत नाहीत, आणि ही कुणाच्या कौशल्याची उणीव नाही, हे फ्रेंच गणितज्ञ व्हान्टझेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. सिद्धता फील्ड थिअरीची आहे, पण तिचा गाभा छोटा आहे. २०° च्या कोसाइनच्या दुप्पट संख्येला म म्हटले तर म³ − ३म − १ = ०. या समीकरणाला परिमेय मूळ असेल तर ते १ किंवा −१ च असू शकते आणि दोन्ही बसत नाहीत. म्हणजे ही संख्या तीन घातांच्या समीकरणाशी बांधलेली आहे, आणि पट्टी-कंपासने मिळणाऱ्या संख्या १, २, ४, ८ अशा घातांच्याच असतात. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला एवढे एका तासात दाखवता येते.

संख्यांबद्दल थोडक्यात. नववीत पाय ही अपरिमेय संख्या म्हणून शिकवायची आणि महत्त्वमापनात २२/७ घ्यायची, यातून 'पाय = २२/७ म्हणून परिमेय' असे मुले लिहितात. २२/७ = ३.१४२८…, पाय = ३.१४१५…, तिसऱ्या दशांश स्थळीच वाटा वेगळ्या होतात. ७ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १५४ चौसेमी लिहिले जाते, प्रत्यक्षात ते सुमारे १५३.९४ आहे, एवढे एकदा करून घेतले तर गोंधळ राहत नाही. √२ अपरिमेय असल्याची सिद्धता भावी शिक्षकाला पाठ येते की कळते, ते बघायचे असेल तर तीच सिद्धता √४ ला लावायला सांगा आणि कुठे मोडते ते विचारा. 'प² ला ४ ने भाग जातो म्हणून प ला ४ ने भाग जातो' ही पायरी खोटी ठरते, प = २ घेऊन बघा. १/७ च्या दशांश रूपात सहा अंकांचा गट, १/१३ मध्येही सहाचा, १/३७ मध्ये तीनचा, १/१७ मध्ये सोळाचा. या गटांची लांबी नेहमी छेदापेक्षा एकाने कमी असलेल्या ६, १२, ३६, १६ या संख्यांची विभाजक का असते, हे ग्रुप थिअरीतल्या लाग्रांजच्या प्रमेयाचे (उपगटातल्या घटकांची संख्या पूर्ण गटातल्या संख्येला भागते) सरळ उपयोजन आहे. ग्रुप थिअरीच्या पेपरात हे उदाहरण नसेल तर भावी शिक्षकाला तो पेपर परकाच वाटणार.

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. वरचे गणित शिकलेला शिक्षक ते तसेच वर्गात ओतू लागला तर नुकसानच होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत 'नवे गणित' म्हणून प्राथमिक वर्गांत संचांची भाषा आणली गेली. मुले चिन्हे लिहायला शिकली आणि साध्या गणितात मागे पडू लागली, अशी पालकांची ओरड झाली आणि पुढच्या दशकात ते मागे पडले. हे ज्ञान उदाहरणातल्या संख्या निवडण्यासाठी, मुलाचे अनपेक्षित उत्तर बरोबर आहे का ते जागच्या जागी ठरवण्यासाठी आणि आज सांगितलेली गोष्ट दोन वर्षांनी खोटी ठरणार नाही याची खात्री करण्यासाठी आहे. 'लहानातून मोठी संख्या वजा होत नाही' असे ठाम सांगणारा शिक्षक पुढच्या वर्गातल्या शिक्षकाचे काम अवघड करून ठेवतो. त्याच जागी 'आपल्याजवळ आत्ता असलेल्या संख्यांत होत नाही' एवढे म्हटले तरी पुरते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी व्हायची आहे. विद्यापीठांचे अभ्यासक्रम सध्या बदलत आहेतच. शिवाजी विद्यापीठाच्या गणित आणि शिक्षणशास्त्र या दोन्ही अभ्यास मंडळांनी एकत्र बसून 'वरच्या पायरीवरून शालेय गणित' असा चार श्रेयांकांचा, म्हणजे साठ तासांचा एक पेपर आखावा, अशी आमची मागणी आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना तो एकदम लागू होईल. पेपर तिसऱ्या वर्षानंतरच ठेवावा. त्याआधी विद्यार्थ्याच्या हातात जोडायला पुरेसे वरचे गणित नसते. साठ तासांपैकी सर्वांत मोठा वाटा, निदान वीस तास, संख्या आणि दशांशांना द्यावा, कारण पुढच्या साऱ्या चुका तिथे रुजतात. समीकरणे आणि बहुपदींना पंधरा, भूमितीला पंधरा, आणि उरलेले दहा संभाव्यता व महत्त्वमापनाला. शंकूचे घनफळ एक तृतीयांश का, हे वाळू ओतून दाखवणे ठीक, पण शिक्षकाला ते संकलनाने (इंटिग्रेशनने) काढताही आले पाहिजे.

हा पेपर एकट्या प्राध्यापकाने शिकवू नये. दर आठवड्याच्या चार तासांपैकी एक तास आठवी ते दहावीला प्रत्यक्ष शिकवणाऱ्या शिक्षकाने घ्यावा आणि नावे झाकलेल्या खऱ्या उत्तरपत्रिका सोबत आणाव्यात. त्यांच्याशिवाय हा पेपर आणखी एक सिद्धांताचा पेपर होऊन बसेल. परीक्षेत 'प्रमेय लिहा व सिद्ध करा' या प्रश्नांना निम्म्याहून कमी गुण असावेत. बाकीचे गुण अशा प्रश्नांना असावेत: एका उदाहरणाची तीन मुलांनी केलेली तीन उत्तरे दिली आहेत, कोणते बरोबर, चुकलेल्यात कोणती पायरी आणि कोणत्या गैरसमजामुळे, आणि तो गैरसमज उघड करणारे पुढचे उदाहरण कोणते द्याल? शिवाय प्रत्येकाची दहा मिनिटांची तोंडी परीक्षा फळ्यासमोर, मराठीत व्हावी. पदवीचे गणित इंग्रजी पुस्तकांतून वाचलेले असते, आणि तीच सिद्धता गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या वर्गात मराठीतून बोलायची वेळ आली की शब्द अडतात. हा सराव नोकरी लागण्याआधीच व्हायला हवा.

यासाठी नवी इमारत किंवा प्रयोगशाळा लागत नाही. लागतात ती दोन खात्यांची जुळलेली वेळापत्रके, शाळेतल्या शिक्षकाच्या तासाचे मानधन आणि पाचवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांचा एक संच. जे आज सेवेत आहेत त्यांच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक शनिवार, एकाच प्रकरणावर तीन तास, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. पहिला शनिवार अपूर्णांकांच्या भागाकारासाठी ठेवावा, कारण 'उलटा करून गुणा' हा नियम सगळ्यांना येतो आणि तो का चालतो हे विचारले की सभागृह शांत होते.

आपले,
गणित शिकवणारे काही शिक्षक व प्राध्यापक,
कोल्हापूर